गंगेकडे तोंड करून

तात्या मोघ्यांनी दान घेताना कधी कोणाच्या तोंडाकडे पाहिले नाही. ब्रह्माघाटावर सकाळचे स्नान आटोपले की ते खालच्या पायरीवर पाट टाकून बसत, ते गंगेकडे तोंड करून. देणारा मागून येई आणि त्यांच्या उजव्या हाताशी कोहळा ठेवी. तात्या समोरच्या पाण्याकडे पाहतच म्हणत, "इच्छा बोला." देणारा हलक्या आवाजात आपली इच्छा सांगे. तात्या उजवा तळवा बाजूला पसरीत, देणारा त्यावर पळीभर पाणी सोडी, आणि व्यवहार संपे. "उदक सुटलं, नाव सुटलं," एवढे म्हणून तात्या पुन्हा नदीकडे पाहू लागत. देणारा पायऱ्या चढून गल्लीत दिसेनासा होईपर्यंत त्यांची मान वळत नसे.

काशीचे घाट पूर्वेकडे उघडतात. सकाळचे ऊन पाण्यावरून उसळून सरळ डोळ्यांत येते. तात्या डोळे बारीक करून बसत, तेव्हा नवखा यात्रेकरू त्यांना ध्यानस्थ समजून हात जोडी. त्यांची पत्नी, जिला आम्ही सारे काकू म्हणत असू, म्हणे, "ध्यान कसलं? डोळ्यांना चटके बसतायत."

कोहळ्याचा प्रकार सांगायला हवा. कार्तिक शुद्ध नवमीला कोहळ्यात सोने किंवा नाणे लपवून ब्राह्मणाला द्यायची रीत जुनी आहे. कोहळ्याची चौकोनी फोड काढायची, आत द्यायचे ते सारायचे, फोड परत बसवून कडेने कणीक लिंपायची आणि वर कुंकवाचे बोट ओढायचे. आत काय आहे हे देणाऱ्याने सांगायचे नाही, घेणाऱ्याने विचारायचे नाही. हे गुप्तदान. तात्यांनी एवढेच केले, की नवमीची ही रीत बारा महिने चालू ठेवली. एका शास्त्रीबुवांनी याला आधार काय म्हणून हटकले, तेव्हा तात्या म्हणाले, "बुवा, कोहळा माळ्यावर वर्षभर टिकतो. पुण्य काय त्याच्या आधी नासतं?"

तात्या आमच्या दुर्गाघाटच्या गल्लीतल्या एका लहानशा महाराष्ट्रीय अन्नछत्राचे कोठीवाले होते. छत्रात वेदपाठशाळेची गरीब मुले दोन वेळ जेवत, आणि दर द्वादशीला निराधार बायकांना पिशवीभर शिधा मिळे. तांदूळ, डाळ, पीठ, मीठ, हळद. मी तात्यांच्या शेजारच्या घरात राहत असे आणि नगरपालिकेच्या चुंगीच्या, म्हणजे जकातीच्या, कचेरीत कारकून होतो. माझे आकडे एकाखाली एक सरळ येतात अशी ख्याती असल्यामुळे छत्राच्या पंचांनी पाडव्याच्या आधी जमाखर्च तपासायचे काम माझ्यावर टाकले होते.

पहिल्याच वर्षी मी अडलो. जमेच्या बाजूला पुष्कळशा रकमांपुढे नाव नव्हते, नुसते 'काश्यप' असे गोत्र होते. मी म्हटले, "तात्या, काशीतला सगळा पैसा काश्यपांपाशीच आहे काय?"

"ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप म्हणावं, असं शास्त्र आहे," ते म्हणाले. "मी विचारत नाही, मग सगळे काश्यप."

"पण आलेला पैसा कोणाचा, हे लिहायला नको?"

"आता तो कोणाचाच नाही, माधवराव. पाणी सोडल्यावर तो त्याचा उरला नाही, आणि माझा तर झालाच नाही."

हे उत्तर हिशेबाच्या कोणत्या सदरात बसवावे ते मला कळेना. पण खर्चाची बाजू पाहिली तर एक पैही इकडची तिकडे झालेली नव्हती. मी सही केली.

एवढा पैसा हातून जाणारा हा माणूस स्वतः कमालीचा चिक्कू होता. पलीकडच्या रेतीवर जायचे झाले तर नाववाल्याशी एका पैशासाठी अशी घासाघीस करी, की नाव मध्यावर आली तरी भांडण चालूच असे. बाजारात दिवस कलताना जाई आणि उरलेसुरले, मऊ पडलेले दोडके आणि भेंडी घेऊन येई. काकू ते दोडके दाराशी उभ्या राहून गल्लीला दाखवीत. "बघा, ह्यांनी आज श्राद्धाला आणलेत की तेराव्याला?" तात्या म्हणत, "ती म्हातारी ते गंगेत टाकणार होती. आपण घेतले." गोड त्यांना चालत नसे. मिरचीचा ठेचा हवा असे, आणि तो खाताना डोळ्यांतून पाणी आले की चेहऱ्यावर मोठे समाधान पसरे. कोणी आभार मानायला आला तर ते एकदम स्तोत्र म्हणू लागत आणि तो माणूस जाईपर्यंत थांबत नसत. स्तोत्र अर्धेच पाठ असल्यामुळे चिवट माणसापुढे त्यांना तेच पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागे.

आणखी एक गोष्ट इथे सांगून ठेवतो, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. आमच्या बायका अख्खा कोहळा चिरीत नाहीत. पहिला घाव पुरुषाने घालायचा, मग बायकांनी विळीवर फोडी कराव्या. कोहळा हा बळी, आणि तो बाईच्या हातून गेला तर तिच्या थोरल्या मुलावर येते, अशी समजूत आहे. आमच्या घरीही माझ्या बायकोने कधी कोहळ्याला पहिली सुरी लावली नाही. तात्यांना वसंता हा एकच मुलगा, तो उज्जैनला नोकरीला होता. त्यामुळे काकू या बाबतीत फार जपत. घरात आणि छत्रात रोज कोहळा, आणि पहिला घाव घालणारा घाटावर बसलेला. काकू कढई उतरवून खिडकीतून हाका मारीत, "अहो, फोडणी जळली. तुमचं पुण्य संपलं असेल तर वर या."

मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी कोहळ्यांतल्या इच्छा बदलल्या. तोवर लोक पाठशाळेच्या मुलांसाठी, गाईंसाठी, आजी-आजोबांच्या नावाने देत. आता लोक येत आणि म्हणत, "ज्या घरचा माणूस आत आहे, त्या घरी." आत म्हणजे तुरुंगात. हे म्हणणारे बहुतेक असे होते, की ज्यांना उघडपणे देता येत नव्हते. कोणाची सरकारी वकिली होती, कोणाचा मुलगा मोठ्या परीक्षेला बसायचा होता. मी कोणाला देताना पाहिले नाही, तेव्हा नावे घेणे बरोबर नाही. पण सरकारात वजन असलेल्या एका रावसाहेबांचा गडी त्या वर्षी कोहळा खांद्यावर घेऊन घाटाकडे जाताना मला वरचेवर दिसे, आणि वैद्याने रावसाहेबांना कोहळा वर्ज्य सांगितला आहे हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होते.

द्वादशीच्या रांगेत चार नव्या बायका उभ्या राहू लागल्या. त्यांतल्या एकीचा, मिसिराइनचा, नवरा राष्ट्रीय शाळेत मास्तर होता आणि मीठ उचलून आत गेला होता. तिच्या कडेवर एक मूल आणि पदराला धरून दोन. तिची पिशवी इतरांच्यासारखीच असे, फक्त डाळीच्या तळाशी फडक्यात बांधलेले रुपये असत. रांगेत पुढच्या-मागच्या बाईलाही ते कळत नसे. तात्यांनी या चार घरांचे भाडे, दूध आणि औषध एवढे त्यात बसवले होते.

छत्रात मात्र कोहळ्याचा अतिरेक झाला. भाजी कोहळ्याची, सांबारात कोहळा, सणाला कोहळ्याच्या वड्या. पाठशाळेतला एक विद्यार्थी पंगतीत मोठ्याने म्हणाला, "स्वराज्य मिळालं की पहिला ठराव कोहळाबंदीचा." तात्या वाढता वाढता थांबले आणि त्याच्या पानात आणखी एक पळी भाजी घालून पुढे गेले.

त्याच पावसाळ्याच्या तोंडी नोटांचा प्रकार झाला. कोणा नव्या दात्याने मेणकापडात न गुंडाळता कागदी नोटा तशाच कोहळ्यात सारल्या. निघाल्या तेव्हा त्यांचा लगदा व्हायचा एवढाच बाकी होता. तात्यांनी त्या गच्चीवर काकूंच्या सांडग्यांच्या ओळीत वाळत घातल्या आणि काठी घेऊन राखणीला बसले. एवढ्यात डोळा लागला. काशीत माकडांना आमंत्रण लागत नाही. एक थोराड माकड दहाची नोट उचलून कठड्यावर गेले आणि तिचा कोपरा चाखून पाहू लागले. तात्या खालून हात जोडून त्याची विनवणी करीत होते, आणि काकू गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होत्या, "त्याचं गोत्र विचारा आधी." शेवटी मूठभर फुटाण्यांवर सौदा पटला. ती नोट मी स्वतः पाहिली आहे. कोपऱ्यावर दातांच्या खुणा होत्या. चालली.

माझे आणि तात्यांचे या बाबतीत एकमत नव्हते, हे लिहिले पाहिजे. ज्याला सभेत उभे राहायचे धैर्य नाही त्याने पाठीमागून पैसा सरकवावा, आणि सरकारी मेजवानीलाही जावे, हे मला रुचत नव्हते. मी तसे बोललो. तात्या मग म्हणाले, "भित्रा माणूस देतो ते भिऊन देतो, हे खरं. पण मिसिराइनच्या पोरांना दूध मिळतं ते धैर्याचं आहे की भीतीचं, हे त्यांना चवीवरून कळत नाही."

"आणि उद्या याच वाटेने कोणी वाईट कामाला पैसा पाठवला तर?"

"इच्छा ऐकायची असते. हुकूम घ्यायचा नसतो."

हे बोलणे खरे करायची वेळ लवकरच आली. चौकातल्या एका कापडवाल्या शेठजींनी दिवाळीनंतर भला मोठा कोहळा आणून ठेवला आणि इच्छा बोलले. विणकरांच्या मोहल्ल्याला एकदा धडा शिकवायचा आहे, अमुक अखाड्याला लाठ्या पुरवा आणि पत्रके छापून वाटा, असे ते म्हणाले. हे मला मागाहून तात्यांनी सांगितले, शेठजींचे नाव न घेता. पुढे आलेला कोहळा परत करायचा नाही, तो परतणे दोघांनाही अशुभ. तळवा पसरलेला होता. पाणी सुटले.

तो कोहळा पुष्कळ दिवस माळ्यावर तसाच होता. काकू सांगत, की हे जेवताना वर माळ्याकडे बघत आणि पानात टाकून उठत. मग एका सकाळी त्यांनी तो फोडला. आत निघालेली रक्कम छत्राच्या तीन महिन्यांच्या खर्चाहून जास्त होती. त्या दिवसांत कापडबाजार बंद पडल्याने विणकरांचे माग थांबले होते आणि त्या मोहल्ल्यात तापाची साथ होती. तिथल्या एका हकिमाच्या दवाखान्यात तात्यांनी ते सगळे पैसे औषधाला आणि दुधाला दिले. तिथे कोणी नाव विचारले, तेव्हा म्हणाले, "काश्यप."

लाठ्या येईनात, पत्रके निघेनात, तेव्हा शेठजी घाटावर आले. मी कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो आणि आचमन लांबवीत होतो. शेठजी तात्यांच्या पाठीशी उभे राहून म्हणाले, "पंडितजी, हमारी इच्छा का क्या हुआ?"

तात्या नदीकडे पाहत म्हणाले, "आपने कुछ दिया था?"

शेठजींनी इकडे तिकडे पाहिले. पाण्यात मी होतो, शेजारच्या पायरीवर दोन नाववाले होते. ते आल्या पायऱ्या चढू लागले. दिले होते म्हणावे, तर कशासाठी हेही सांगावे लागले असते. ते गेल्यावर मी बाहेर आलो आणि म्हटले, "तात्या, ही फसवणूक झाली. त्याने एका कामासाठी दिलं, तुम्ही दुसऱ्यावर घातलं. मग रावसाहेबांनी तुमच्यावर भरवसा काय म्हणून ठेवावा?"

"ठेवू नये," ते म्हणाले. "पाणी सोडायच्या आधी विचार करावा. नंतर पाप लागलं तर ते मला, त्याला नाही. एवढ्यासाठीच तर मला पाटावर बसवलंय."

मला ते पटले नाही आणि पूर्ण पटले असे आजही म्हणवत नाही. पडद्याआडून चांगले येते तसे वाईटही येते, आणि पडद्यापाशी बसलेला माणूस तात्यांसारखाच निघेल याची हमी कोण देणार? पण माझ्या आयुष्यात तिथे तात्या बसले होते, एवढे मी पाहिले.

शेठजींनी राग वेगळ्या रीतीने काढला. छत्राची कोठी काँग्रेसवाल्यांच्या घरी पैसे पोहोचवते अशी खबर कोतवालीत गेली. खबर देणाऱ्याला कोहळ्याबद्दल बोलता आले नाही, कारण दरोग्याने लगेच विचारले असते, की तुम्हाला कसे ठाऊक. त्यामुळे दरोगा आणि शिपाई तात्यांच्या घरी आले तेव्हा त्यांनी पेट्या उघडल्या, गाद्या उसवल्या, देव्हाऱ्यातले देव बाजूला करून खाली पाहिले, आणि माळ्यावर ओळीने ठेवलेल्या चार कोहळ्यांकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. एका शिपायाने तर टेकायला त्यांतलाच एक पाठीशी घेतला.

काही सापडले नाही, पण तात्यांना घेऊन गेले. कोतवालीत काय झाले ते त्यांनी पुढे मला तुकड्यातुकड्यांनी सांगितले, आणि त्यांतले विनोदाचेच तुकडे सांगितले असावेत असा माझा अंदाज आहे. दरोगा वयाने लहान होता. त्याने विचारले, "पैसा कौन देता है?"

"काश्यप गोत्र के लोग, हुजूर."

"नाम?"

"नाम मैं पूछता नहीं."

"शक्ल तो देखी होगी?"

"मैं गंगाजी की तरफ मुँह करके बैठता हूँ."

"रोज?"

"रोज. आप भी कभी बैठिए, अच्छा लगता है."

यानंतर त्यांना कोठडीत बसवून ठेवले आणि रोज तेच प्रश्न पुन्हा विचारले. परत आले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे नीट वाकत नव्हती. मी विचारले. ते स्तोत्र म्हणू लागले.

पण त्याआधीचे सांगायचे राहिले. तात्या आत असतानाच द्वादशी आली. पंचांनी घाबरून छत्राची कोठी बंद केली आणि कुलूप घातले. मुलांची पंगत दुसऱ्या एका मठात हलवली, पण शिध्याचे कोणी नावच काढीना. काकूंच्या घरात स्वतःचे असे काही नव्हते. पैसा होता तो त्या चार कोहळ्यांत, आणि कोहळ्याला पहिला घाव घालणारा कोतवालीत होता. आदल्या दिवशी मिसिराइन दाराशी येऊन बसली. धाकटे मूल तापाने फणफणलेले होते आणि वैद्य जुने पैसे दिल्याशिवाय पुडी देत नव्हता. ती काही बोलली नाही. काकू सांगतात, ती बोलली असती तर बरे झाले असते.

गल्लीत पुरुष काय कमी होते? शेजारी मी होतो. संध्याकाळी कचेरीतून आलो तेव्हा काकूंच्या घराचे दार आतून लावलेले होते आणि आत विळीचा आवाज येत होता. माझी बायको दार ठोठावायला निघाली होती, ती उंबऱ्यातच थांबली. अख्खा कोहळा चिरताना येतो तो जड, घट्ट आवाज ओळखू न येण्यासारखा नसतो. आम्ही दोघे आमच्या ओट्यावर बसून राहिलो. चौथा कोहळा झाल्यावर आत शांत झाले.

द्वादशीला चारही घरी शिधा गेला. काकूंनी पिशव्या स्वतः नेऊन दिल्या. पुढे कितीतरी दिवसांनी मी धीर करून म्हटले, "काकू, मला हाक मारायची. मी घातला असता पहिला घाव."

"तुम्ही सरकारी नोकर, भाऊजी," त्या म्हणाल्या. "आतलं पाहिलं असतं, तर उद्या कोणी विचारल्यावर खोटं बोलावं लागलं असतं. ते तुम्हाला जमत नाही. तुमचे कान लाल होतात."

त्या दिवसापासून उज्जैनहून वसंताचे खुशालीचे कार्ड येईपर्यंत काकू पानातला पहिला घास बाजूला काढून ठेवीत आणि मग जेवत. कोणाला कारण सांगत नसत. गल्लीतल्या बायकांना मात्र ते ठाऊक होते, आणि पोस्टमन गल्लीत शिरला की एकेक खिडकी उघडे.

तात्या सुटून आले ते कार्ड यायच्या आधी. स्नान करून पानावर बसले. पानात कोहळ्याची भाजी होती. त्यांनी पहिला घास हातात घेतला आणि थांबले. मी भेटायला म्हणून आलो होतो आणि दारात उभा होतो, तेव्हा हे मी माझ्या कानांनी ऐकले.

"कोणी चिरला?"

"मी," काकू म्हणाल्या. त्या चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या.

तात्यांनी हातातला घास खाल्ला. त्यांची दुखरी बोटे अन्नाला नीट लागत नव्हती. दुसरा घास खाल्ला. मग म्हणाले, "चार घरं जेवली ना? मग वसंता खुशाल असणारच."

काकू पदराने चुलीची फुंकणी पुसत राहिल्या. दुसऱ्या दिवशी घाटावरून नवा कोहळा आला तेव्हा तात्यांनी तो माळ्यावर नेला नाही. काकूंच्या विळीशी आणून ठेवला आणि बाहेर ओट्यावर येऊन बसले. कार्ड पुढे आले. वसंताला बढती मिळाली होती. काकूंनी ते कार्ड विळीखाली ठेवून दिले आणि कोहळा चिरायला घेतला.

पंचांनी तात्यांना कोठीवरून काढले. पंच वाईट नव्हते, घाबरलेले होते. तात्यांनी किल्ल्या दिल्या, तेलाचा हिशेब समजावून सांगितला आणि पाट मात्र बरोबर घेऊन आले, कारण तो त्यांचा स्वतःचा होता. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा खालच्या पायरीवर होते. छत्र गेले तरी कोहळे येतच राहिले. उलट मला वाटते, वाढले. कोतवालीतून हा माणूस नाव न सांगता बाहेर आला, एवढेच लोकांना पुरेसे होते. मी एकदा विचारले होते, "तात्या, तुम्ही आवाजावरून तर माणूस ओळखत असाल. मग दरोग्यापुढे खोटं नाही झालं?" ते म्हणाले, "त्याने शक्ल विचारली. आवाज ऐकला का, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. मी कशाला सुचवू?"

मिसिर मास्तर सुटले, पुन्हा गेले, पुन्हा सुटले. वर्षे गेली. तात्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. काकूंचे म्हणणे, सकाळचे ऊन डोळ्यांत घेऊन घेऊन त्यांनी ते घालवले. वैद्याचे म्हणणे, वय झाले. काकू वैद्याचे कधीच ऐकत नसत. शेवटी शेवटी त्यांना उजेड आणि अंधार एवढाच भेद कळे. काकू हात धरून त्यांना पायऱ्या उतरवीत, पाटावर बसवीत, आणि तीन पायऱ्या वर विळी घेऊन बसत.

बेचाळीसच्या धामधुमीत माझ्या कचेरीतल्या एका शिपायाचा मुलगा मिरवणुकीत गेला तो परत आला नाही. तुरुंगात आहे की नाही, हेही कोणी सांगेना. शिपायाची नोकरी जाईल म्हणून त्या घरी उघड कोणी जाईना. मीही नोकर होतो. घरी येऊन बायकोला कोहळा आणायला सांगितले. आमच्याकडे आजवर कोहळा भाजीसाठीच आला होता. कणीक तिने लिंपली, कुंकवाचे बोट मी ओढले. वाकडे गेले.

सकाळी घाटावर गेलो. ऊन नुकतेच पाण्यावर आले होते. तात्या पाटावर होते, गंगेकडे तोंड करून. त्यांना आता मागे वळूनही काही दिसणार नव्हते, तरी मान सरळ समोर होती. मी कोहळा त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला.

"इच्छा बोला."

मी बोललो. गेली वीस वर्षे हा आवाज त्यांनी भिंतीपलीकडून रोज ऐकला होता. मी पोरांना रागावताना, बायकोशी भांडताना, पाडव्याच्या आधी त्यांच्याशी वाद घालताना. त्यांनी तळवा पसरला. दोन बोटे अजून सरळ होत नव्हती. मी त्यावर पाणी सोडले.

"उदक सुटलं, नाव सुटलं," तात्या म्हणाले. मग आवाज थोडा चढवून वरच्या पायरीला म्हणाले, "आवाज ओळखीचा नाही गं. परगावचा यात्रेकरू दिसतोय कोणी."

काकूंनी विळीवरून मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिले.

"असेल," त्या म्हणाल्या. "लांबचा असेल."

मग शेजारचा डबा उघडून त्यांनी कोहळ्याची एक वडी काढली, अनोळखी यात्रेकरूला देतात तशी पानावर ठेवून माझ्यापुढे धरली, आणि ज्या बाईने वीस वर्षांत माझ्याशी मराठीखेरीज एक शब्द काढला नव्हता ती म्हणाली, "लीजिए भइया, परसाद लेते जाइए."

मी हिंदीतच आभार मानले आणि पायऱ्या चढू लागलो. त्यानंतरच्या आठवड्यात मी कामासाठी अलाहाबादला गेलो, आणि परत आलो तेव्हा तात्या नव्हते. त्यामुळे माझे त्यांना शेवटचे पाहणे ते हेच, वरच्या पायरीवरून. मी वडी तोंडात घालून एकदा मागे वळून पाहिले. त्यांची ओली पाठ उन्हात होती, आणि मी गल्लीत शिरेपर्यंत मान वळली नाही.